डाव्या गुडघ्याचा उजवा स्क्रू

...आणि वर मलाच विचारतात हो! दुकानात माशाचा डबा घ्यायला गेले की दुकानवाली विचारते, चर्चच्या पायरीशी चप्पल काढत असते तर मागची बाई विचारते, "काय गं सिआ, पोरीचा डावा गुडघा दुखत होता ना? मग उजव्या खुब्यात स्क्रू कसा?" जसं काही स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मीच आत शिरले होते! अहो बायांनो, उजव्यात एक आहे तसा डाव्यातही एक आहे, दोन्ही खुब्यांत मिळून दोन आहेत, आणि गुडघ्यात एकही नाही! हे ऐकलं की समोरची माझ्या तोंडाकडे असं बघते, असं बघते, की मलाच वाटायला लागतं आपण थापा मारतोय. पण तुम्हाला सांगते, बायबलवर हात ठेवून सांगते, दुखत होता तो गुडघाच!

माझी फेतू अकरा वर्षांची. हाडापेराने दणकट, उभी राहिली की माझ्या कानाला लागते, शाळेत नेटबॉल खेळताना समोरच्या पोरी तिला बघूनच बाजूला होतात. अशी पोर एक दिवस डावा पाय ओढत घरी आली.

"पडलीस?"

"नाही."

"कुणी ढकललं?"

"मला कोण ढकलणार?"

तेही खरंच.

"मग लंगडतेस कशाला?"

"गुडघा दुखतो."

आता तुम्हीच सांगा, पोर म्हणते गुडघा, बोट ठेवते गुडघ्यावर, मग आईने काय तिचे कान तपासायचे? मी गुडघाच बघितला. सूज नाही, खरचटलेलं नाही, काही नाही. दुसऱ्या गुडघ्याशेजारी ठेवून बघितला, दोन्ही सख्ख्या बहिणींसारखे!

त्यात आमच्या सासूबाई म्हणजे गावचा चोळणारा हात. पाठ धरली, मान लचकली, नारळाच्या झाडावरून कुणी पडला, सगळे त्यांच्या दारात. त्यांनी फेतूचा गुडघा दोन्ही हातांत घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाल्या, "वारा शिरलाय."

"गुडघ्यात वारा कुठून शिरेल, आई?"

"फ्रीज उघडा टाकून तासभर आत बघत उभी राहते ना? तिथून!"

झालं! सकाळी खोबरेल, दुपारी नोनूची गरम पानं, संध्याकाळी परत खोबरेल. त्या गुडघ्याला इतकं तेल पाजलं, इतकं तेल पाजलं, की माशी बसली तर घसरून खाली यायची. आणि पोर? पोर लंगडतेच आहे!

मग दवाखाना. तिथे म्हणाले एक्स-रे काढू. कशाचा? अहो, गुडघ्याचा! फोटो आला, खिडकीला धरला, आणि दवाखान्यातला माणूस म्हणतो कसा, "बाई, इतका देखणा गुडघा मी वर्षभरात पाहिला नाही." मला काय, मी हरखले. महिन्याने परत गेलो, परत फोटो, परत देखणा. त्याच्या पुढच्या महिन्यात तिसरा. माझ्या लग्नाचा एक फोटो आहे हो घरात, त्यातही माझं डोकं अर्धं कापलंय, आणि या पोरीच्या गुडघ्याचे तीन! आमचे काका, म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले चुलते, आमच्या अख्ख्या घराण्याचे माताई, सगळ्यांनी त्यांच्या शब्दात राहायचं, तर ते आल्यागेल्याला एक्स-रे उन्हात धरून दाखवायचे, "बघा, आमच्या घराण्याचं हाड." आणि दवाखान्यातून सल्ला काय, तर वाढत्या वयाचं दुखणं आहे, चालू द्या, व्यायाम होऊ द्या. मी अशी आज्ञाधारक, की रोज शाळेनंतर तिला टेकडीवर तारोच्या, म्हणजे अळकुड्यांच्या, मळ्यात पाठवायची, येताना टोपली भरून आण म्हणून. चालवली, चढवली, उतरवली. देवा रे... पण मला काय स्वप्न पडलं होतं? दुखत होता तो गुडघाच!

इथपर्यंतही ठीक होतं. पण मग तो रविवार आला.

रविवारी चर्च सुटलं की पाद्रीबुवा आमच्या मोठ्या घरात जेवायला असतात. भिंती नसलेलं घर, खाली चटया, एकेका खांबाला टेकून गावातला एकेक माताई, मधल्या खांबाला काका. सगळे मांडी घालून. आता बसलेल्या माणसांकडे पाय करून बसणं म्हणजे काय, हे आमच्याकडे तान्ह्या पोरालाही कळतं. अन् फेतूचं काम काय? पाद्रीबुवांच्या समोर बसून पंख्याने त्यांच्या ताटावरच्या माशा वारायच्या. बसली. उजवा पाय दुमडला. डावा... डावा सरळ! काठीसारखा सरळ! टाचेचा नेम थेट पाद्रीबुवांच्या ताटावर!

मी डोळे वटारले. तिने पाय आत घ्यायला बघितला, तर गुडघा गेला बाहेर, पाऊल गेलं त्याच्याही बाहेर, आणि अख्खी पोर कलंडली पाद्रीबुवांच्या पालुसामीवर, नारळाच्या दुधात शिजवलेल्या पानांवर! परत सरळ बसली, परत टाच ताटाकडे.

काका खाकरले. आमचे काका रागावत नाहीत, खाकरतात. एकदा खाकरले म्हणजे चूक, दोनदा खाकरले म्हणजे शिक्षा. तीनदा मी लग्न होऊन आल्यापासून ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं. सासूबाईंनी लगबगीने तिच्या पायावर चटई टाकली. झाकलेला पाय चालतो हो आमच्यात, पण ती सवलत म्हाताऱ्यांची! अकरा वर्षांची पोर, आणि पायावर चटई घेऊन बसलीय आजीबाईसारखी! पाद्रीबुवांनी जेवणाआधी नम्रतेवर प्रार्थना धरली ती सोडेचनात, पालुसामी गार पडली, आणि नम्रतेचा प्रत्येक शब्द माझ्या कानाला गरम लागत होता.

पाहुणे गेल्यावर काका म्हणाले, "सिआ, पोरीला बसायला शिकव. रोज अर्धा तास."

शिकवलं मी. हसू नका, हे हसायचं नाही. रोज तिला चटईवर बसवायची, समोर मी बसायची, आणि दोन्ही हातांनी तिचा डावा गुडघा खाली दाबायची. ती ओठ चावायची. म्हणायची, "आई, आत काहीतरी अडतंय." आणि मी म्हणायची, "तुझा हट्ट अडतोय!" हे मी बोललेय बरं का. सासूबाई नाही, काका नाही. मी.

पुढे काय झालं, आमच्या बायकांच्या समितीच्या घरात दर महिन्याला नर्स येते, इलिसा तिचं नाव, तान्ह्या पोरांची वजनं करायला. त्या दिवशी वजनकाटा अडकवायचा हूक आमच्या घरी राहिला होता, तो घेऊन फेतू मैदानातून येत होती. पाय ओढत, डावं पाऊल बाहेर फेकत. इलिसाने मान वर केली आणि ओरडली, "थांब! जागची हलू नकोस!"

अहो, आवाज म्हणजे काय आवाज! फेतू थांबली. वीस-पंचवीस बाया होत्या, त्या थांबल्या. कुणी लंगोट बदलत होती तिचा हात तसाच वर, एकीने पोराला धरलं होतं ते तसंच हवेत, आणि ते पोर रडत होतं तेही थांबलं! जी ती मनात म्हणतेय, मी काय केलं?

इलिसाने तिला तिथल्या तिथे गवतावर आडवी केली, उजवा गुडघा धरून पोटाकडे दुमडला, तो गेला सरळ छातीशी. मग डावा धरला. हळूच दुमडला. तर तो छातीकडे येईचना! निघाला बाहेर, काखेच्या दिशेने, जसा काही त्याला दुसऱ्या गावाला जायचंय.

"किती दिवस झाले?"

"तीन महिने," मी म्हटलं.

"खुबा कुणी तपासला?"

"खुबा? सिस्टर, दुखतोय गुडघा!"

"खुब्याचं दुखणं गुडघ्यात बोलतं, सिआ. मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाला गोळा असतो, या वयात त्याची जोड कच्ची असते, तो घसरतोय."

सासूबाई उसळल्या. "चाळीस वर्षं चोळतेय मी! माझा हात चुकायचा नाही!"

"मावशी, हात नाही चुकला. पत्ता चुकला."

मग इलिसा सगळ्यांना म्हणाली, "नीट ऐका गं, आपल्या बेटांवरच्या पोरांत हे सगळ्या जगात जास्त होतं." तर समितीच्या अध्यक्षीणबाई म्हणतात, "सगळ्या जगात? म्हणजे आपला पहिला नंबर?" आणि मागे दोघींनी टाळ्या वाजवल्या! टाळ्या!

पण इलिसा माझ्याशी बोलत होती ते मी एकटीने ऐकलं. "आता हा पाय जमिनीला लागता कामा नये. एक पाऊलसुद्धा नाही. गोळा अजून थोडा धरून आहे. पूर्ण सुटला तर त्याला जाणारं रक्त तुटेल, आणि मग पोर जन्माची लंगडी. आजच्या बोटीने आपियाच्या मोठ्या इस्पितळात."

एक पाऊल नाही म्हणे. आणि मी तिला तीन महिने टेकडी चढवली होती! मला पाणी पाजलं तेही कुणी पाजलं आठवत नाही.

आता इलिसाची गाडी मोठ्या रस्त्यावर, आणि फेतू गवतावर. न्यायची कशी? गावात हातवाली खुर्ची एकच, पाद्रीबुवांची. ती आणली, पोरीला बसवलं, सहा जवान पोरांनी खुर्ची खांद्यावर घेतली, आणि निघाली मिरवणूक. पुढे इलिसा, मागे मी, माझ्यामागे सासूबाई तिन्ही एक्स-रे छातीशी धरून. आणि तेवढ्यात आठवलं, आज सोमवार! गावातल्या सगळ्या माताईंची सभा! आणि रस्ता कुठून? सभेच्या घरापुढूनच!

सभा बसली असताना पुढून जायचं म्हणजे कमरेत वाकून, "तुलौ, तुलौ" म्हणत माफी मागत जायचं, बसलेल्यांच्या वर आपलं डोकं दिसता कामा नये. आणि ही पोर तर छपराच्या उंचीला! सहाजण थबकले. एकजण म्हणाला, उकिडवे बसून चालू या. प्रयत्न केला हो त्यांनी! सहा दांडगे गडी बदकासारखे चालताहेत, वर खुर्ची होडीसारखी डुलतेय, इलिसा किंचाळतेय, "हलवू नका तिला!" दुसरा म्हणाला मागून जाऊ, तर मागे डुकरांचे दोन गडगे. तेवढ्यात वरून फेतू स्वतःच वाकायला लागली, "तुलौ... तुलौ..." करत, खुर्चीतून पडेपर्यंत वाकली, तर इलिसा, "वाकू नकोस!" मी म्हणते वाक, इलिसा म्हणते वाकू नको, सासूबाई म्हणतात निदान तोंड तरी दुसरीकडे कर!

आतून काका खाकरले.

माझं काय झालं कुणास ठाऊक. मी रस्त्यातच गुडघ्यांवर बसले आणि ओरडूनच बोलले, "काका, पोर उद्धट नव्हती हो! तिचा पाय दुमडतच नव्हता! गोळा घसरलाय तिचा, खाली टेकला तर जन्माची लंगडी होईल!"

काकांनी फेतूकडे बघितलं. मग तिच्या पायाकडे. बराच वेळ पायाकडे. मग बाकीच्यांना म्हणाले, "आपण बसलोय म्हणून ती उंच दिसतेय ना? मग उठा."

आणि उठले हो! खांब धरधरून, कण्हत, गावचे सगळे माताई उठले, कडाकड सांधे वाजले, काठ्या शोधल्या गेल्या. सगळ्यात म्हातारे होते ते उभे राहूनही बुटकेच, तर त्यांना लाकडी पेटीवर चढवून दोघांनी दोन्हीकडून धरलं. पलीकडून बस चालली होती, बसमधली माणसं बघताहेत, अख्खी सभा उभी, आणि पुढून खुर्चीत बसून चाललीय माझी फेतू! त्यांना वाटलं, कुठली राणी आलीय! फेतूने मान खाली घातली ती बोटीत बसेपर्यंत वर केली नाही.

आपियाच्या इस्पितळात डॉक्टर फिलिपो. तरुण माणूस, हळू बोलणारा. त्याने पोरीला झोपवलं, पाय बेडकासारखे करायला लावले आणि वरचा फोटो काढला. सासूबाईंना राहवेना. "अहो, गुडघ्याचा काढा ना!" आणि तिन्ही एक्स-रे पुढे केले. त्याने तिन्ही शांतपणे बघितले. म्हणाला, "गुडघा फार सुंदर आहे."

"सगळे हेच म्हणतात," सासूबाई म्हणाल्या.

मग त्याने मला समजावलं. म्हणाला, "ताई, शहाळ्याचं झाकण कापलं, परत वर ठेवलं आणि शहाळं बसमधून नेलं, तर काय होईल?"

"सरकेल."

"तसं सरकलंय. आता ते मागे ढकलायला गेलो तर आतलं रक्त तुटायची भीती. म्हणून आहे तिथेच एक लांब स्क्रू घालून पक्कं करायचं."

"गुडघ्यात?"

"खुब्यात, ताई."

"बरं."

"आणि उजव्या खुब्यातही."

बघा! आलं की नाही! "डॉक्टर, उजवं काय दुखतंय?"

"काही नाही. पण ही अजून बरीच वाढणार आहे. इतक्या लहान वयात एक घसरला की दुसराही घसरायची भीती मोठी. सही तुमची लागेल."

नवरा माझा न्यूझीलंडला फळबागेत हंगामाच्या कामावर. फोन लावला. शिडीवरच होता, मागे नुसती पानं.

"उजवा गुडघा दुखतो का तिचा?"

"नाही."

"उजवा खुबा?"

"नाही."

"मग स्क्रू कशाला?"

"पुढे दुखू नये म्हणून!"

"मग एक माझ्या डोक्यातपण घालायला सांग! सिआ, डावा गुडघा दुखतोय आणि ते उजवा खुबा फोडताहेत, तू सातवीपर्यंत शाळेत करत काय होतीस?" आणि तेवढ्यात मुकादम ओरडला, शिडी हलली, फोन बंद.

राहिले मी आणि तो कागद. सासूबाई म्हणतात, "चांगल्याला हात लावू नकोस." शेजारच्या खाटेवरची अनोळखी बाई म्हणते, "माझ्या भावाला तर दातासाठी नेलं आणि..." अहो, तुम्हाला कुणी विचारलं? मी कागदाकडे बघतेय आणि मला एवढंच दिसतंय की उद्या उजवा घसरला, तर ही परत म्हणणार गुडघा, परत बोट ठेवणार गुडघ्यावर, परत म्हणणार आत काहीतरी अडतंय... आणि मी? मी माझ्या हातांना ओळखते. मी परत दाबेन. सही केली. नाव लिहिताना एक अक्षर खाल्लं, पण केली.

दोन बारीक छेद, दोन स्क्रू, आणि दीड महिना कुबड्या. डाव्यावर भार टाकायचा नाही. घरी आल्यावर सासूबाईंचे हात रिकामे, पोरीला चोळायला डॉक्टरची मनाई, तर त्यांनी करावं काय? कुबड्यांना तेल लावलं! चकचकीत! कुबडी हातातून सटकून पोर पडायची वाचली. तेव्हापासून मी कुबड्यांवर विश्वासच ठेवला नाही. न्हाणीत न्यायची तर पाठीवर, चर्चमध्ये पाठीवर, शाळेच्या बसपर्यंत पाठीवर. ती म्हणायची, "आई, मला कुबड्यांनी येतं." मी म्हणायची, "गप्प बस, घसरशील!"

दीड महिन्याने दाखवायला नेली. डॉक्टर फिलिपोने नवे फोटो लावले, म्हणाला, "दोन्ही गोळे जागेवर. टाक पाय." आणि टाकला हो तिने. त्या लांब व्हरांड्यात ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, आणि मी तिच्या तोंडाकडे नाही, नुसती पावलाकडे बघत होते. सरळ पडत होतं. बाहेर नाही, आत नाही, सरळ. वळून आली तर म्हणते, "आई, रडतेस काय? भूक लागलीय."

मग मी डोळे पुसले, आणि म्हटलं आलोच आहोत तर. "डॉक्टर, चार दिवस झाले, माझा डावा गुडघा दुखतोय." आणि त्याने सांगायच्या आत टेबलावर चढून आडवी झाले, पाय बेडकासारखे केले, आणि म्हटलं, "काढा फोटो. वरचा काढा, गुडघ्याचा नको, मी फसायची नाही."

"ताई, वय काय तुमचं?"

"एकोणतीस."

"तुमची ती जोड केव्हाच पक्की झालीय. काही जड उचललं का?"

"नाही हो. नुसती पोर. दीड महिना."

त्याने गुडघ्याच्या वाटीवर एक बोट दाबलं, मी "आई गं!" करून उठून बसले.

"ताई, तुमचा गुडघा दुखतोय."

"हो, पण म्हणजे कुठला खुबा?"

"कुठलाच नाही. गुडघा. चोळायला सांगा घरी, आराम पडेल."

आले घरी. सासूबाईंना म्हटलं, "आई, गुडघा दुखतोय, जरा तेल लावता का?" त्यांनी बाटली उचलली, माझ्याकडे बघितलं, आणि अशा हसल्या, अशा हसल्या, की आता यांना जगात कुणी फसवू शकत नाही! "पालथी हो," म्हणाल्या. "मला पत्ता कळलाय." आणि तेल ओतलं ते थेट खुब्यावर!

आज आठवा दिवस. सकाळ-संध्याकाळ, दोन्ही खुबे, डावा आणि त्याच्या जोडीला उजवाही, पुढे दुखू नये म्हणून. खुबे अगदी झकास आहेत माझे. आणि तुम्हाला सांगते... दुखतोय तो गुडघाच!